चाराण्यावर चालणारं जुनं फ्रूट मशीन, आठ महिने वापरल्यावर

पाडव्याला आमचं फ्रूट मशीन पहिल्यांदा नीट फिरलं आणि आता दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला गेलाय, म्हणजे आठ महिने झाले. कंपनीतले, गल्लीतले, पाहुणे सगळे एकच विचारतात, घरी जमतं का हे, आणि किती गेले. दोन्ही सांगतो पण आधी एक गोष्ट, मी या मशीनवर जेवढ्या चुका केल्या त्यातल्या निम्म्या तेलाने केल्या आणि उरलेल्या घाईने.

मशीन म्हणजे ते जुगाराचं, हँडल ओढायचं, तीन चाकं म्हणजे रील फिरतात, चेरी, संत्रं, लिंबू, घंटा येते ते. माझं विजेवरचं नाही, विजेवरची १९६०च्या दशकात आली, हे त्याआधीच्या पद्धतीचं, शिकागोच्या मिल्स कंपनीनं जी रचना गाजवली आणि नंतर बऱ्याच जणांनी उचलली ती. वायर नाही, प्लग नाही, सगळी ताकद तुमच्या हाताची आणि स्प्रिंगांची. मिरजेच्या एका भंगारवाल्याकडे पालथं पडलेलं होतं. आधी पाचगणीच्या कुठल्यातरी बंगल्यात होतं म्हणे, तिथून सांगलीत एकाच्या गोडाऊनमध्ये आलं आणि २०१९ चा महापूर त्यानं तिथंच काढला. ज्यांना आठवतंय त्यांना सांगायला नको, आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, गोडाऊनचं काय घेऊन बसलाय. मागचं दार उघडलं तर आत खाली चार बोटं कृष्णेचा गाळ, वाळून वीट झालेला.

भंगारवाले चाचा म्हणाले, शेठ लोखंडाच्या भावात देतो पण पूर्ण उचलायचं, सुटे भाग मिळणार नाहीत. लोखंडाचा भाव कसला, नऊ हजार घेतले. दोघांनी उचलून छोटा हत्तीत टाकलं, चाळीस किलोच्या पुढंच असेल. घरी आल्यावर बायको एवढंच म्हणाली, "अहो, लोक जुगाराचे अड्डे बंद करतात आणि तुम्ही घरात आणताय." आई म्हणाली, दारात ठेव, आधी अंघोळ घाल त्याला.

अंघोळ हीच पहिली चूक. पाइप लावून धुतलं मी. गाळ निघाला पण लाकडी पेटीचे सांधे सुटले आणि रीलवरच्या कागदी पट्ट्यांचा जो थोडा भाग वाचला होता तोही लगदा झाला. तुम्ही असलं काही आणलं तर आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, रीलवरची चित्रं कुठल्या क्रमानं आहेत ते वहीत लिहा, आणि गाळ ब्रशनं कोरडाच काढा. माझं नशीब की पोरानं गंमत म्हणून मोबाइलवर व्हिडिओ काढला होता, त्यावरून दोन रीलचा क्रम पूर्ण लागला, तिसऱ्याचं बक्षिसाच्या चकतीवरच्या भोकांवरून उलटं जुळवलं.

ते उलटं जुळवताना मशीन कसं चालतं ते कळलं, आणि खरं सांगायचं तर तिथंच मी अडकलो. नाणं पडलं की हँडलचं कुलूप सुटतं. हँडल ओढलं की स्प्रिंगा ताणतात आणि शेवटाला एका झटक्यात सुटतात, तो झटका तिन्ही रीलना बसतो. त्याच वेळी एक घड्याळ सुरू होतं, काटे नसलेलं, नुसते दाते आणि टोकाला छोटा पंखा. पंखा हवेला अडतो म्हणून घड्याळ ठरावीक वेगानं उलगडतं आणि ते एकेक करून तीन लिव्हर सोडतं. लिव्हर रीलच्या खाचेत पडला की रील थांबलं, आधी पहिलं, मग दुसरं, मग तिसरं. खेळणाऱ्याचा जीव जो वरखाली होतो तो सगळा त्या नखाएवढ्या पंख्यामुळं. मग मागून बोटांसारख्या पट्ट्या येतात आणि रीलला जोडलेल्या चकत्यांमध्ये भोकं चाचपतात, तिन्हीकडं भोक सापडलं की बक्षीस. कुठंही मेंदू नाही, नुसतं चाचपणं. मी वीस वर्षं कुपवाड एमआयडीसीत मेंटेनन्स करतोय, पीएलसी (मशीन चालवणारे छोटे कॉम्प्युटर), सेन्सर रोज बघतो, पण हे बघून दोन दिवस कामात लक्ष नव्हतं.

आता गंज. लिंबूसत्व वापरलं, किराणा दुकानातलं, लिटरला साधारण ५० ग्रॅम, प्लॅस्टिकच्या टबात रात्रभर. सकाळी काळं पाणी आणि खाली करडं स्वच्छ लोखंड, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढून लगेच उन्हात आणि पुसट तेलाचं फडकं. यात नाव ठेवायला जागा नाही. पण स्प्रिंगा टाकू नका त्यात! मी टाकल्या. अ‍ॅसिडमध्ये कडक स्टीलमध्ये हायड्रोजन शिरतो आणि ते ठिसूळ होतं, हे मला माहीत असायला पाहिजे होतं, पण सगळं एकाच टबात ढकललं आणि तिसऱ्या आठवड्यात मुख्य स्प्रिंग काडीसारखी तुटली, हँडल हातात राहिलं. ऑनलाइन मागवलेली आली ती तारेनं जाड होती, परत घ्यायला तो विक्रेता तयार नाही, ८५० गेले. शेवटी एमआयडीसीतल्या एका स्प्रिंगवाल्याला तुटलेले तुकडे नेऊन दिले, त्यानं तारेची जाडी मोजली, वेढे मोजले आणि चार नग १२० रुपयांत करून दिले, त्यातली पहिलीच अजून चालतीय.

समोरचं झाकण अ‍ॅल्युमिनियमचं ओतीव आहे. एकानं सल्ला दिला कॉस्टिक सोड्यात टाक, रंग पटकन निघतो. रंग निघतोच, पण अ‍ॅल्युमिनियमही निघतं, कॉस्टिक खातं त्याला, त्यामुळं ते केलं नाही. रंग काढायचं लोशन आणि लाकडी पट्टी, चार रविवार. नंतर बफिंगला दिलं ही मात्र चूक, सांगितलं होतं हलकं मारा, त्यांनी आरसा केला आणि नक्षीच्या कडा उडवल्या. आता लांबून भारी दिसतं, जवळ गेलं की साबणाची वडी वापरून झिजल्यासारखं.

पेटी मिरजेत सतारमेकर चाचांकडं दिली. फर्निचरवाल्यानं बघूनच मान हलवली होती, म्हणून म्हणलं जी माणसं भोपळ्याचा तंबोरा करतात त्यांना ही पेटी काय अवघड. त्यांनी सांधे उघडले, मी भरलेलं फेविकॉल खरवडून काढलं, मला चार शब्द ऐकवले आणि सरस, म्हणजे कातड्या-हाडांचा जुन्या पद्धतीचा गोंद, शिजवून लावला. म्हणे सरस पुढं कुणालाही वाफ देऊन सोडवता येतो, तुझं फेविकॉल लाकूड फाडूनच निघतं. वर चपडी लाखेचं हातानं पॉलिश, कापसाच्या पुरचुंडीनं, दहाबारा हात. पुराच्या पाण्याची रेघ लाकडात खोल गेलीय, ती काढू का विचारलं त्यांनी. मी म्हणलं राहू दे. आता ती रेघ पॉलिशखाली आडवी दिसते आणि सांगलीचा कुणीही आला की आधी तिच्यावरच बोट ठेवतो, मग त्याच्या घरात पाणी कुठपर्यंत होतं ते सुरू होतं, मशीन राहतं बाजूला.

रीलच्या पट्ट्या कॉम्प्युटरवर पुन्हा काढल्या, एका रीलवर २० चित्रं. पहिली प्रिंट चमकत्या फोटोपेपरवर आणली, लग्नाच्या अल्बमसारखं दिसायला लागलं. दुसरी मॅटवर, पण प्रिंटवाल्यानं कागदात बसवायला आकार किंचित लहान केला, तो फरक वीस चित्रांत साठत गेला आणि शेवटचं लिंबू अर्धंच. त्यामुळं रीलचा घेर दोऱ्यानं मोजा आणि दुकानात उभं राहून पट्टीनं तपासा. चिकटवली मैद्याच्या खळीनं, चाचांचा सरसाचा धडा लक्षात ठेवून. त्यात ते प्लमचं चित्र आहे जांभळं, आई त्याला पहिल्या दिवसापासून वांगं म्हणते, त्यामुळं आमच्याकडं आता "दोन चेरी एक वांगं" असंच बोलतात. फळं का, तर अमेरिकेत जुगारबंदीतून वाट काढायला यातून फळांच्या चवीचं च्युइंगम देत होते, आणि रीलवर फळांबरोबर जी काळी पट्टी असते, बार, ती गमच्या लेबलवरून आली असं सांगतात.

आता नाणं, माझी सगळ्यात जास्त डोकेदुखी. गाळात तीन नाणी सापडली, इंग्लंडच्या राजाची, सहाव्या जॉर्जची, सहा पेन्सची, एकावर १९५१. व्हर्नियरनं मोजलं, १९.४ मिलिमीटर. तेवढंच नाणं हवं म्हणून घरातली सगळी चिल्लर मोजायला बसलो. घरातला रुपया २२ मिलिमीटर, तो तोंडातच जात नाही. आणि मग कपाटाच्या वरच्या डब्यातून चाराणे निघाले, १९ मिलिमीटर! गेंड्याचं चित्र असलेले स्टीलचे, ४०-४५ नाणी. रात्री साडेअकराला मी बायकोला उठवून दाखवलं, तिनं काय म्हणलं ते इथं लिहीत नाही.

पण गेंडे चालेनात. नाणं टाकलं की मध्येच गायब, हँडल सुटेना. मला वाटलं वाटेत गंज आहे, तीनदा वाट खोलली. चौथ्यांदा बघतो तर नाणं आडवं चिकटलंय, तिथं एक लोहचुंबक होता. लोखंडाच्या खोट्या चकत्या पकडायला बसवलेला, आणि आमचं स्टीलचं चाराण्याचं नाणं त्याच्या हिशोबात खोटं. चुंबक काढला तर पुढचं दुखणं, बक्षीस अडकायला लागलं. नाण्यांची उभी नळी असते, तिच्या खाली सरकणाऱ्या पट्ट्या, प्रत्येकीची जाडी बरोबर एका नाण्याएवढी, पट्टी सरकली की तेवढी नाणी बाहेर. सहा पेन्स मिलिमीटरच्या किंचित वर आणि गेंडा त्याहून जाड, वजन जवळपास सारखंच पण स्टील हलकं म्हणून नाणं जाड केलेलं. त्यामुळं ते पट्टीतून डोकं वर काढून पुढच्याला अडवतं. पट्ट्या कानशीनं घासायला घेतल्याच होत्या. तेवढ्यात आईनं देव्हाऱ्याच्या ड्रॉवरमधून तिची पुरचुंडी आणून दिली, त्यात गेंड्याच्या आधीचे, सत्तर-ऐंशीच्या दशकातले तांबं-निकेलचे चाराणे. घेर तोच, जाडी मिलिमीटरला टेकलेली, चुंबकाला चिकटत नाहीत. टाकलं, ओढलं, खर्रर्र करून फिरलं, टक, टक, आणि जरा थांबून टक. तो पाडवा.

चाराणे ३० जून २०११ पासून चलनातून गेलेत, त्यामुळं हा पैशाचा खेळ नाही असं मी घरात ठासून सांगतो. तरी वकील मित्राला विचारलं, तो म्हणाला जुगारबंदीचा कायदा आपल्याकडं १८८७ चा आहे, हौस घरात ठेव, दुकानात किंवा मंडपात नेऊ नको. गणपतीत मंडळाची पोरं आलीच मागायला, वर्गणीसाठी लावू म्हणाली. चहा पाजून परत पाठवलं.

वापराचं म्हणाल तर पहिले तीन महिने दर आठवड्याला काहीतरी. बहुतेक सगळं माझ्या तेलामुळं. मी सगळीकडं तेल सोडलं होतं, सरकपट्ट्यांवर, चकत्यांवर, घड्याळावर. चैत्रातली धूळ बसली की त्याचा चिखल, घड्याळ मंदावलं, लिव्हर पडायच्या आत रील आपणहून थांबायला लागले आणि मग पोकळ खट असा उशिरा आवाज. सगळं परत खोलून रॉकेल मिळेना म्हणून डिझेलनं धुतलं, कोरडं केलं आणि शिलाई मशीनचं तेल सुईच्या टोकानं फक्त फिरत्या टोकांना. पट्ट्या आणि चकत्या एकदम कोरड्या. जूनपासून घड्याळाला हात लावलेला नाही. पावसाळ्यात मात्र पेटी फुगली, मागचं दार घट्ट झालं, रीलच्या एका कागदी पट्टीला फोड आला. दमट हवेत आत सिलिका जेलच्या पुड्या टाकतो, औषधाच्या डब्यांत येतात त्या साठवून.

तिन्ही बार आठ महिन्यांत एकदाच लागलेत, तेही शेजारच्या काकूंना, हळदीकुंकवाचं बोलवायला आल्या होत्या. पोरानं हिशोब करून दाखवला, वीस गुणिले वीस गुणिले वीस म्हणजे ८००० जुळण्या, आणि आमच्या पट्ट्यांवर बार एक, तीन, एक, म्हणजे त्यातल्या फक्त तीन. तेव्हापासून तो स्वतः ओढायचा थांबलाय, पाहुण्यांना ओढायला लावतो आणि बाजूला उभा राहून हसतो.

खर्च सगळा धरून २३ हजारांच्या आसपास, त्यात बफिंग आणि चुकलेली स्प्रिंग वजा केली तर १९. विकायला काढलं तर मिळतील का, माहीत नाही, विचारू पण नका. खंडेनवमीला बायकोनं माझ्या पान्या-पकडींबरोबर त्यालाही झेंडूची माळ घातली. एक पाकळी नाण्याच्या वाटेत गेलीय, नाणं अधूनमधून तिथं अडखळतं, वरून टिचकी मारली की जातं. या रविवारी उघडायचंय.