केबल खराब होती, गळ्यात मारली डिस्क. तीही 21,340 तास चाललेली!

हार्ड डिस्क मधेच गायब व्हायची, कॉम्प्युटर गोठायचा, म्हणून दुरुस्तीला दिला. "डिस्क गेली. 412 एरर आहेत," म्हणत दुरुस्तीवाल्याने स्क्रीन माझ्याकडे फिरवली आणि मी मान डोलावली. तिथेच माती खाल्ली. आकडा वाचला, ओळ वाचली नाही. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते (तिला स्मार्ट म्हणतात), तिच्या प्रत्येक ओळीला 05, 09, सी7 असा क्रमांक असतो. ते 412 सी7 च्या ओळीत होते. सी7 वाढतो तो डिस्क आणि मदरबोर्डच्या मधल्या वाटेत डेटा बिघडला की, आणि दोष बहुतेकदा साटा केबलचा नाहीतर ढिल्या कनेक्टरचा असतो. डिस्क खरंच मरायला टेकली असेल तर बहुतेकदा 05 (खराब म्हणून बदललेल्या जागा) आणि सी5 (नीट वाचता न येणाऱ्या जागा) बोलतात. दोन्हींसमोर शून्य होतं! हे मला माहीत होतं, म्हणून तर जास्त झोंबतंय. पण काम अडलेलं असताना कोण ओळीन् ओळ तपासत बसतं?

जुनी डिस्क मागून घेतली एवढीच अक्कल. (तुम्हीही घ्याच, तुमचा डेटा तीत असतो.) नवी केबल लावली, जुनी डिस्क ठणठणीत चालतेय. सी7 कधी कमी होत नाही. 412 वरच थांबला म्हणजे केबलच दोषी. सी5 वाढत असता, तर मात्र आधी डेटा उतरवायचा, मग डिस्क बदलायची.

आता ती "नवी" डिस्क. 09 च्या ओळीत, म्हणजे डिस्क किती तास चालली त्या ओळीत, 535सी. ही नोंद दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो सॉफ्टवेअर मूळ आकडे हेक्समध्ये (सोळाच्या पटीत) दाखवतं, सेटिंगमध्ये दशमान करा. झाले 21,340 तास, म्हणजे रात्रंदिवस जवळजवळ 2 वर्षं 5 महिने. चालू-बंद फक्त 38 वेळा. सर्व्हरमधून उपटलेली, दुसरं काय!

दुकानदार म्हणतो, सीलबंद होती. कंपनी म्हणते, हा सिरीयल नंबर घाऊक ग्राहकाला विकलेला, तुम्हाला वॉरंटी नाही. तक्रार कक्ष म्हणतो, बिलावर सिरीयल नंबर कुठाय? बिलावर "हार्ड डिस्क, 1 नग". पोलीस म्हणतात, हा दिवाणी मामला. दुकानदार सोडून तिघांनी तीनदा तीच कागदपत्रं मागितली, वाचली एकानेही नाहीत. सिरीयल नंबर लिहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणि 09 मध्ये शून्य दिसलं म्हणून हुरळू नका, तो पुसता येतो. सीगेटच्या बऱ्याच डिस्कमध्ये फार्म नावाची वेगळी नोंद असते, स्मार्टमॉनटूल्स या सॉफ्टवेअरच्या 7.4 आवृत्तीपासून ती वाचता येते. दोन्हीकडचे तास जुळले नाहीत तर डिस्क तिथल्या तिथे परत करा.