शरदात फुलणारे कंद: दोन ऋतूंनंतरचा अनुभव

इंग्लंडमधल्या लेस्टरला ऑक्टोबर लागला की बागेचा रंग उडतो. म्हणून २०२३च्या ऑगस्टमध्ये परसात तीन प्रकारचे कंद लावले: कोल्चिकम, केशर आणि नेरीन. आता दुसरा शरदही सरत आला, तेव्हा लिहिते आहे.

पहिल्यांदा जीव लावला तो कोल्चिकमने. महिना होतो न होतो तोच मातीतून थेट जांभळट गुलाबी कळ्या वर आल्या, पान एकही नाही. कोकणातल्या घरी उन्हाळ्यात भुईचाफा असाच पानांआधी फुलायचा, त्याची आठवण झाली. दोन दिवस पाऊस लागला की फुलं आडवी होतात आणि गोगलगायी ती कुरतडतात. पानं येतात वसंतात, चांगली रुंद, शेजारच्या लहान रोपांना झाकून टाकणारी. ती जूनमध्ये पिवळी पडेपर्यंत कापू नका, कंद त्यांच्यावरच पोसतो.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. त्या शरदात आई आली होती. एका सकाळी खाली आले तर ओट्यावर ताटलीत कोल्चिकमची फुलं. "केशर वाळत घालू का गं?" काळजात धस्स झालं. ही वनस्पती कंदापासून बीपर्यंत विषारी आहे. गाऊट या सांधेदुखीवरचं कोल्चिसिन हे औषध हिच्यातूनच मिळतं, पण मात्रा चुकली तर जिवावर बेततं. ओळखायचं कसं, तर फुलातले पुंकेसर मोजा. केशराला तीन, कोल्चिकमला सहा. शिवाय केशराच्या फुलात लालबुंद तीन तंतू असतात. मी तर दोन्ही बागेच्या दोन टोकांना हलवली.

केशराचे २० कंद होते, पहिल्या वर्षी १३ फुलं आली. फूल उमललं की त्याच दिवशी आई चिमटीने तंतू काढायची आणि कागदावर वाळवायची. एका ग्रॅमला दीडशेच्या आसपास फुलं लागतात, आमचे अवघे ३९ तंतू. २८ ऑक्टोबरच्या कोजागिरीला ते खलून दुधात घातले आणि दुधाला रंग चढला. आई कितीतरी वेळ पातेल्याशीच उभी होती. यंदा फुलं चारच. केशराच्या कंदाला उन्हाळ्यात कोरडी, तापलेली माती लागते. इथली चिकण माती पावसाने ओलीच राहते. पुढच्या वर्षी कुंडीत लावून उन्हाळाभर पत्र्याखाली ठेवणार आहे.

नेरीनने वाट पाहायला लावली. विक्रेत्याने सगळ्या कंदांसाठी एकच चिठ्ठी पाठवली होती, १० सेंटिमीटर खोल लावा म्हणून. नेरीनच्या कंदाची मान, म्हणजे वरचं निमुळतं टोक, मातीबाहेर हवी, हे मला नंतर कळलं. पहिल्या वर्षी नुसती पानं. उपटून पुन्हा लावलेलं त्याला मानवत नाही, म्हणून मार्चमध्ये वरची माती बोटांनी हलकेच उकरून काढली. या ऑक्टोबरमध्ये पाच कंदांतून तीन दांडे आले, कडा चुरगळलेल्या गर्द गुलाबी पाकळ्यांचे. एक दांडा फुलदाणीत जवळजवळ दोन आठवडे टिकला.

एकच कंद घ्यायचा असेल तर नेरीन घ्या. दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीलगत, भरपूर उन्हात लावा आणि गर्दी झाली तरी लगेच वेगळे करू नका, दाटीत ते जास्त फुलतात.