ए/बी टेस्ट: ब्राउझरमध्ये की सर्व्हरवर?

पानाच्या दोन आवृत्त्यांची टेस्ट घ्यायची ठरली की लगेच प्रश्न येतो: टूलची स्क्रिप्ट टाकून ब्राउझरमध्येच बदल करायचे, की कोणाला कोणती आवृत्ती जाणार हे सर्व्हरवर ठरवायचं? मी दोन्ही वापरून पाहिलंय.

ब्राउझरवाल्या पद्धतीची सोय मोठी आहे. मार्केटिंगवाले स्वतःच एडिटर उघडून मथळा बदलतात, डेव्हलपरच्या मागे लागावं लागत नाही. ‘गूगल ऑप्टिमाइझ’ हे अशा टेस्टचं गूगलचं टूल फुकट होतं तोवर छोट्या साइटवाल्यांना दुसरा विचार करायची गरजच नव्हती. ३० सप्टेंबर २०२३ ला ते बंद झालं.

माझं मन उडालं ते फ्लिकरमुळे, म्हणजे पान डोळ्यांसमोर बदलताना बसणाऱ्या हिसक्यामुळे. हापूसच्या आगाऊ बुकिंगचं पान होतं. ‘बी’च्या, म्हणजे नव्या आवृत्तीच्या मथळ्यात पेटीचा भाव घातला होता. साध्या अँड्रॉइड फोनवर आधी जुना मथळा दिसायचा, मग डोळ्यांदेखत तो जाऊन नवा यायचा आणि बुकिंगचं बटण खाली सरकायचं. बोट टेकवावं तर भलतंच काहीतरी दाबलं जायचं. यावर अँटी-फ्लिकर कोड असतो, पण तो बदल लागेपर्यंत अख्खं पानच लपवतो. ऑप्टिमाइझमध्ये त्याची ठरलेली मर्यादा ४ सेकंद होती. तेवढा वेळ कोरं पान बघत कोण थांबतं? आणि हा कोड नसेल तर हिसका फक्त ‘बी’वाल्यांना बसतो. मग ‘बी’ हरली तर भाव दाखवल्यामुळे हरली की हिसक्यामुळे, कसं कळणार? टेस्ट घेतली होती ती नेमकं हेच कळावं म्हणून.

सर्व्हरवर माणूस कोणत्या गटात हे कुकीवरून (ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या खुणेवरून) ठरतं आणि पान तयार होऊनच येतं. कॅशे, म्हणजे तयार पानाची साठवलेली प्रत, मात्र सांभाळावी लागते: गटानुसार वेगळी ठेवली नाही, तर पहिल्याला मिळालेली आवृत्तीच पुढच्या सगळ्यांना जाते. दोन यूआरएल असतील तर रीडायरेक्ट ३०२ (तात्पुरता) ठेवा आणि कॅनॉनिकल, म्हणजे खरं पान कोणतं हे सर्च इंजिनला सांगणारा टॅग, मूळ पानाकडे. गूगलचंही तेच सांगणं आहे.

ट्रॅफिकचं गणित दोन्हीकडे सारखंच. कन्व्हर्जन (येणाऱ्यांपैकी बुकिंग करणाऱ्यांचं प्रमाण) ३ टक्के असेल आणि त्यात २० टक्क्यांची वाढ, म्हणजे ३ वरून ३.६, पकडायची असेल, तर प्रत्येक आवृत्तीला साधारण १३-१४ हजार माणसं लागतात.

डेव्हलपर हाताशी नसेल आणि बदल पानाच्या तळाशी असेल, तर ब्राउझरवाली पद्धत चालून जाईल. तुमचा अनुभव वेगळाही असू शकतो. मथळा, भाव किंवा पहिल्या स्क्रीनवरचं काहीही बदलायचं असेल, तर मी सर्व्हरच धरेन, त्यात डेव्हलपरचे एक-दोन दिवस गेले तरी.