जोडणीला पैकीच्या पैकी, शोधायला काठावर पास: एएसडी-एसटीई१००
मी पुण्यात टेक्निकल रायटर आहे. पंप, व्हॉल्व्ह, गिअरबॉक्स यांची मॅन्युअल इंग्रजीत लिहायची, हे रोजचं काम. वाचणारा चाकणचा फिटर असेल, तुर्कस्तानचा असेल नाहीतर ब्राझीलचा. इंग्रजी त्याच्या घरात कुणी बोलत नाही आणि मॅन्युअल उघडतो तेव्हा हात ग्रीसने माखलेले असतात. अशा माणसासाठी इंग्रजी कसं लिहायचं, ते ठरवून देणारं मानक म्हणजे एएसडी-एसटीई१००. आमच्यात नुसतं ‘एसटीई’, म्हणजे ‘सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश’.

हे मूळचं विमानांच्या देखभालीतलं. युरोपातल्या विमान उद्योगाने १९८६ मध्ये पहिली मार्गदर्शिका काढली, २००५ मध्ये आजचं नाव मिळालं, आणि जानेवारी २०२५ मध्ये नववी आवृत्ती आली. पैसे पडत नाहीत, मानकाच्या संकेतस्थळावर मागणी नोंदवली की पीडीएफ मिळते. आत ५३ नियम आणि एक शब्दकोश. कामाची सूचना असेल तर वाक्य २० शब्दांच्या आत, माहिती सांगायची असेल तर २५ च्या आत. एका वाक्यात एकच सूचना. एकापुढे एक जोडलेल्या नामांची मालगाडी तीन डब्यांपर्यंतच.

नियम बरे आहेतच, पण खरा माल शब्दकोशात आहे. पानावर चार रकाने. चालणारे शब्द मोठ्या लिपीत, न चालणारे लहान लिपीत. शेजारी अर्थ किंवा पर्याय, मग बरोबर वाक्य, मग चूक वाक्य. चालणारे सर्वसाधारण शब्द जेमतेम नऊशे, आणि प्रत्येकाला शक्यतो एकच अर्थ, एकच काम. ‘क्लोज’ हे फक्त क्रियापद, म्हणजे झाकण बंद करा. ‘जवळ’ म्हणायचं तर ‘निअर’ लिहा. ‘ऑइल’ म्हणजे तेल, त्यामुळे ‘ऑइल द सरफेस’ बाद. ‘फॉलो’ म्हणजे मागून येणं, म्हणून सुरक्षेच्या सूचना ‘फॉलो’ नाही करायच्या, ‘ओबे’ करायच्या. आमच्या एका डिझाइन इंजिनिअरने हे वाचून विचारलं, “मॅडम, ही काय शाळा आहे का?” मला मात्र पटलं. ‘फॉलो’ शब्दकोशात बघणाऱ्याला आधी ‘पाठलाग करणे’ सापडतं.

जोडणीच्या क्रियापदांपाशी आलं की याची किंमत कळते. इंग्रजीत एक झाकण बसवायला किती क्रियापदं! फिट, माउंट, अटॅच, अफिक्स, शिवाय पुट ऑन. कंपनीतला प्रत्येक इंजिनिअर आपलं लाडकं क्रियापद वापरतो, आणि वाचणाऱ्याला वाटतं, मागच्या पानावर ‘माउंट’ होतं, इथे ‘फिट’ आहे, म्हणजे कृती वेगळी असणार. एसटीईत बसवायचं म्हणजे ‘इन्स्टॉल’. आपल्या शॉपफ्लोअरवर बेअरिंग, सील, झाकण सगळं ‘बसवतात’च, त्यामुळे फिटरला हे लगेच झेपतं.

एका जुन्या मॅन्युअलमधलं वाक्य होतं: ‘एन्शुअर दॅट द कव्हर हॅज बीन प्रॉपर्ली फिटेड अँड द बोल्ट्स टाइटन्ड प्रायर टू कमेन्सिंग ऑपरेशन.’ त्याचं आता झालंय: ‘इन्स्टॉल द कव्हर. टाइटन द फोर बोल्ट्स. स्टार्ट द पंप.’ ‘प्रॉपर्ली’ गेलं ते बरंच झालं. ते लिहिलं की टॉर्कचा, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळायचा त्याचा, आकडा न देता सुटता येतं. आता तो आकडा डिझाइनवाल्यांकडून काढून घ्यावा लागतो, आणि तो लवकर मिळत नाही, ही गोष्ट वेगळी.

फ्रेझल व्हर्बवरही बंधन आहे. शब्दकोशात दोन शब्द सुटे सुटे चालत असले, तरी त्यांची जोडी लावून तिसराच अर्थ काढायचा नाही. ‘फिगर आउट’, ‘वर्क आउट’ या मंडळींना इथे थारा नाही. माझी हरकत बंदीला नाही, त्यानंतरच्या रिकाम्या जागेला आहे. आकडा काढायचा असेल तर ‘कॅल्क्युलेट’ आहे, वस्तू किंवा दोष सापडायचा असेल तर ‘फाइंड’ आहे. पण पंप आवाज करतोय, दाब मध्येच पडतोय, कारण हवा शिरलीय की इम्पेलर (पंपातलं फिरतं चाक) झिजलाय, हे ताडणं असतं. एसटीईत त्याचे तुकडे पाडावे लागतात: असं असेल तर ही तपासणी, नसेल तर पुढची पायरी. एकच बिघाड असला तर छान चालतं. दोन एकदम असले की फिटर पायऱ्यांच्या शेवटी पोचतो आणि पंप तसाच ओरडत असतो. अनुभवी माणूस काय बघून अंदाज बांधतो, ते लिहायला मला या नऊशे शब्दांत जागा सापडलेली नाही. मी त्यासाठी मानक बाजूला ठेवून वेगळी पुरवणी लिहिते, साध्या इंग्रजीत.

आणखी एक खुपतं. ‘चेक’ इथे नाम आहे. ‘चेक द ऑइल लेव्हल’ नाही, ‘डू अ चेक ऑफ द ऑइल लेव्हल’. अहो, अख्ख्या महाराष्ट्रात ज्याला इंग्रजीचा गंध नाही तोसुद्धा ‘तेल चेक कर’ म्हणतो! इथे नियम पाळते, पण दात-ओठ खात.

विमान किंवा संरक्षण क्षेत्राचं काम करणार असाल तर याला पर्याय नाही, ग्राहकच मागतो. बाकी यंत्रांसाठी लिहीत असाल तर सगळे नियम एका बैठकीत पाठ करायला जाऊ नका. शब्दकोश दुसऱ्या स्क्रीनवर उघडा ठेवा आणि आधी फक्त क्रियापदं बदला. ड्रिल, ग्राइंड, मिल अशी धंद्यातली क्रियापदं कोशात नसली तरी ‘टेक्निकल व्हर्ब’ म्हणून वापरायची मुभा आहे. त्यांची यादी मात्र पहिल्याच आठवड्यात कंपनीकडून मंजूर करून घ्या, नाहीतर ‘डीबर’ (कापलेल्या धातूच्या कडेची कूस काढणं) चालतं की नाही यावर मीटिंगा होतात.