कच्चे लिंबू आणि गाडीमागची अँटेना

फोंड्याजवळच्या आमच्या मूळ घरी चवथीला वीस-बावीस माणसे जमतात आणि संध्याकाळची आरती आटोपली की मुलांचा मोर्चा टीव्हीकडे वळतो. यंदा धाकट्या भावाने दुबईहून निन्टेन्डो स्विच हा टीव्हीला जोडून खेळायचा गेम कन्सोल आणला होता व त्यावर ‘मारिओ कार्ट ८ डिलक्स’ हा शर्यतीचा खेळ होता. २०१७ साली स्विचवर आलेला हा खेळ आता जुनाच म्हणायला हवा. मात्र फर्मागुडीला अभियांत्रिकी शिकणारा भाचा, माझी सात वर्षांची मुलगी आणि प्रथमच कंट्रोलर हाती धरणारी मोठी वहिनी या तिघांना तो एका पडद्यावर एकत्र खेळवू शकतो का, एवढ्या एकाच निकषावर मी तो पारखला.

बलाबल सांभाळण्याची या खेळाची मुख्य युक्ती वाटेवरच्या पेट्यांत आहे. पेटीला धडकले की काहीतरी हाती लागते. पण पुढे असलेल्याला बहुधा नाणे किंवा केळ्याची साल मिळते, तर फार मागे पडलेल्याला गाडी आपोआप वेगाने पुढे नेणारी बुलेट बिल किंवा इतर सर्वांना खुजे करून टाकणारी वीज मिळू शकते. कासवाचे निळे कवच तर थेट पहिल्या क्रमांकाचाच माग काढते. वहिनी दहाव्या क्रमांकावरून बुलेट बिलच्या जोरावर चौथ्यावर आल्या, तेव्हा त्यांना कोणी मदत केली असे कोणाला वाटले नाही, कारण त्या जागी जो कोणी असता त्यालाही तेच मिळू शकले असते. कौशल्याचा यात अपमान होतो असेही नाही: भाच्याने कवच फोडणारा भोंगा राखून ठेवला आणि शेवटच्या फेरीपर्यंत मुद्दाम दुसरा राहिला.

दुसरी सोय म्हणजे गाडीला मार्गाबाहेर न जाऊ देणारे स्टिअरिंग-साहाय्य, आणि तीबद्दल माझे मत इतके चांगले नाही. प्रत्येक खेळाडू ते स्वतंत्रपणे चालू-बंद करू शकतो, वेगही आपोआप ठेवता येतो, त्यामुळे मुलगी पहिल्याच शर्यतीत शेवटपर्यंत पोहोचली. मात्र ते चालू असताना घसरत वळण घेऊन मिळणारा सर्वांत मोठा वेग मिळत नाही, काही आडवाटा बंद होतात आणि गाडीमागे एक छोटी अँटेना उभी राहते. भाच्याला ती दिसायला अर्धी फेरी पुरली. “मामा, ही कच्चं लिंबू! हिची गाडी आपसूक वळते,” असे तो म्हणाला आणि मुलीने कंट्रोलर खाली ठेवला. अंगणातल्या खेळात कच्चे लिंबू बाद होत नाही हे खरे, पण तसे म्हटलेले कोणत्या मुलाला आवडते? हे साहाय्य एकतर पूर्ण असते किंवा मुळीच नसते. निम्मे करण्याची सोय असती तर मुलाला ते हळूहळू सोडता आले असते.

वेगाचा वर्गही सर्वांना एकच घ्यावा लागतो. ५० सीसीवर भाचा जांभया देतो, २०० सीसीवर वहिनी भिंतीला चिकटतात. मिश्र मंडळीत १०० सीसी निवडावा, असे मी सुचवेन. चौघांत पडदा चार तुकड्यांत विभागला जातो, तेव्हा टीव्ही मोठा असलेला बरा.

एकाच घरात सात ते सत्तर वयाची माणसे असतील तर हा खेळ अवश्य घ्यावा. केवळ तरबेज मुलांसाठी घेत असाल तर निळे कवच त्यांना चीड आणील.

विसर्जनाच्या आदल्या रात्री मुलीने ते साहाय्य स्वतःच बंद केले. कठडे नसलेल्या ‘रेनबो रोड’ या शर्यतमार्गावरून ती सहा वेळा खाली पडली, ढगावरच्या लकिटू या पात्राने सहाही वेळा तिला उचलून रस्त्यावर ठेवले आणि बारांत ती अकरावी आली. बारावा संगणक होता, हे तिने झोपेपर्यंत प्रत्येकाला सांगितले.