‘आप तो यहीं के लगते हैं’: बनारसमध्ये साडेअकरा हजारांना पडलेलं कौतुक

प्रवासात आपण टुरिस्ट दिसायचं नाही, हा माझा जुना हट्ट. गळ्यात कॅमेरा नको, डोक्यावर टोपी नको आणि चौकात उभं राहून मोबाइलवर नकाशा तर अजिबात बघायचा नाही. जानेवारीत बनारसला गेलो तेव्हा गोदौलियाच्या बाजारात आधी एक गमछा घेतला आणि खांद्यावर टाकला. दोन दिवस झकास गेले. ई-रिक्षाला तिकडे टोटो म्हणतात. टोटोवाल्याला भाडं न विचारता दहाची नोट दिली, त्याने निमूट घेतली. सकाळी मातीच्या कुल्हडात मलइयो, म्हणजे दुधाचा गोड फेस, खायचं, समोरून ‘महादेव’ आलं की आपणही ‘महादेव’ म्हणायचं. बायको म्हणाली, “आता इथेच राहा.” मला ते कौतुक वाटलं.

तिसऱ्या दिवशी ही हॉटेलवर आराम करत होती आणि मी एकटाच चहाच्या टपरीवर उभा होतो. शेजारी साधा शर्ट, पायात स्लिपर घातलेला पन्नाशीचा माणूस. माझ्याकडे न बघताच त्याने विचारलं, “का गुरु, कौन मोहल्ला?”

बस. तिथेच मी गेलो.

पुण्याहून आलोय म्हटल्यावर तो चक्क ओशाळला. “अरे, आप तो यहीं के लगते हैं। हम समझे ब्रह्माघाट वाले मराठी परिवार से हैं।” ब्रह्माघाट, दुर्गाघाट भागात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरं आहेत, हे खरंच आहे. मग सिंधिया घाट झाला, भोसले घाट झाला, विश्वनाथाचं मंदिर १७८० मध्ये बांधणाऱ्या अहिल्याबाई झाल्या. यातलं काहीही खोटं नव्हतं. फसवणाऱ्याकडे इतिहास पक्का असतो, तो आपल्यालाच नसतो.

बोलता बोलता मीच सांगून बसलो की भाचीचं लग्न आहे, मामाकडून शालू द्यायचाय. त्याने चहाचे पैसे दिले, माझेही. “दुकान में मत जाइए, वो तो टूरिस्ट लोगों के लिए है। आपको बुनकर के घर ले चलते हैं, लोकल रेट।”

गल्लीतून गल्ली, पाच-सात वळणं. खाली अंधाऱ्या खोलीत खड्ड्यात पाय सोडून एक म्हातारे गृहस्थ मागावर बसलेले, खटक-खटक चालू. मरून रंगावर बारीक बुट्टी उमटत होती. त्यांच्याकडे मी मिनिटभर बघितलं असेल. लगेच आम्हाला वर नेलं: पांढरीशुभ्र गादी, लोड, चहा आणि भराभर उलगडत जाणाऱ्या साड्या. एकच नक्षी, पाच रंगांत, पाचही प्लॅस्टिकच्या पिशवीत. हातमागावर एका साडीला पंधरा दिवसांपासून काही महिने लागतात हे मला माहीत होतं. खाली विणली जाणारी नक्षी वरच्या ढिगात कुठेच नाही, हेही दिसत होतं. पण विचारणार कसं? स्थानिक माणूस असले प्रश्न विचारतो का?

किंमत सांगितली अठरा हजार. माझा ‘मित्र’ त्यांच्या बोलीत माझ्या बाजूने भांडला, हात आपटले, उठायचं नाटकही केलं. साडेअकराला सौदा ठरला. बिल मागितलं तर दुकानदार हसला. “बिल तो बाहर वाले लेते हैं।” पाच टक्के जीएसटी वाचवल्याच्या आनंदात मी कोड स्कॅन केला. पैसे कुठल्याशा माणसाच्या नावावर गेले, दुकानाच्या नाही. निघताना मित्र म्हणाला, “आप चलिए, हम आते हैं।” तो आलाच नाही. आपलं कमिशन घ्यायला थांबला असणार, हे आता कळतंय.

पुण्यात बहिणीच्या ओळखीचे एक गृहस्थ लक्ष्मी रोडला साड्यांच्या दुकानात गादीवर बसतात. फॉल-बिडिंगचं विचारायला म्हणून साडी त्यांच्याकडे नेली. त्यांनी दर्शनी बाजूकडे पाहिलंच नाही, साडी सरळ उलटी केली. मला ‘कढुआ’ म्हणून विकली होती. कढुआत प्रत्येक बुट्टी वेगळी विणतात, मागे सुटे धागे राहत नाहीत. इथे मागे सगळीकडे कापलेल्या धाग्यांची लव होती. मग त्यांनी पदराच्या टोकाचा एक धागा ओढून काडी लावली. खरं रेशीम जळताना केस जळाल्यासारखा वास येतो आणि राख बोटाने चुरडते. आमचा धागा वितळला, प्लॅस्टिकचा वास आला आणि टोकाला काळा टणक मणी झाला. तो त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला.

“सुरतचा माल दिसतोय,” ते म्हणाले. “बनारसला नुसती फिरायला गेली होती बिचारी. तुमच्यासारखीच.”

किंमत विचारली. “अठराशे. घासाघीस केलीत तर सोळाशे.”

ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर लावायला घेतला, पण सांगणार काय? बिल नाही, दुकानाचं नाव नाही, गल्ली पुन्हा सापडेल याची खात्री नाही. वाईट एवढंच वाटतं की तो मागावरचा म्हातारा खरा विणकर होता. त्याची साडी मागितली असती तर कदाचित खरी वस्तू मिळाली असती आणि चार पैसे त्याला गेले असते.

तुम्ही जाणार असाल तर गावंढळ व्हा. साडी उलटी करा, धागा मागा, जाळा. बनारसी साडीला २००९ पासून भौगोलिक मानांकन आहे. सिल्क मार्कचं होलोग्राम आणि हँडलूम मार्कचं लेबल कुठे आहे ते विचारा. बिल घ्या, त्यावर ‘शुद्ध रेशीम, हातमाग’ असं लिहून घ्या. लोक हसले तर हसू देत. आणि चहाच्या टपरीवर कोणी मोहल्ला विचारला तर टिळक रोड सांगून मोकळे व्हा.

एक कोडं मात्र मला बरेच दिवस सुटेना: इतक्या गर्दीत त्याने मलाच कसं हेरलं? परवा बायकोने त्या सकाळी हॉटेलच्या दारात काढलेला फोटो दाखवला. खांद्यावरच्या गमछावर घडीच्या चौकोनी रेघा तशाच कडक होत्या आणि कोपऱ्याला किमतीचं स्टिकर होतं.