फोन उचलताच इंटरनेट तुटत असेल तर: एडीएसएल स्प्लिटरचा अनुभव

साताऱ्यात पोवई नाक्याच्या परिसरातील एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून, दोनशे रुपयांच्या आत घेतलेला एडीएसएल स्प्लिटर (टेलिफोनच्या एकाच तारेवरून येणारे बोलणे आणि इंटरनेट वेगळे करणारी छोटी डबी) गेला पावसाळाभर आमच्या शाहूपुरीतील घरी वापरात आहे. लँडलाइनवर बोलणे सुरू झाले की इंटरनेट बंद पडायचे, ही आमची जुनी तक्रार त्याने पूर्णपणे मिटवली. ज्यांच्याकडे अजून तांब्याच्या तारेवरचे ब्रॉडबँड आहे, त्यांनी मोडेम बदलण्याआधी या छोट्या वस्तूचा विचार अवश्य करावा.

आपले बोलणे तारेवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झच्या पट्ट्यात जाते आणि इंटरनेट त्याच तारेवर सुमारे २५ किलोहर्ट्झच्या वर चालते. एडीएसएल२प्लस हा अधिक वेगाचा प्रकार असेल तर २.२ मेगाहर्ट्झपर्यंत. रिसीव्हर खाली असताना फोन लाइनपासून जवळजवळ अलग असतो, पण तो उचलताच त्याचे सर्किट लाइनला जोडले जाते आणि वरच्या पट्ट्यातील संदेशाचा काही भाग ओढून घेते. त्यामुळे मोडेमचा एक्सचेंजशी असलेला संपर्क तुटतो, डीएसएलचा दिवा लुकलुकू लागतो आणि संपर्क पुन्हा जुळेपर्यंत इंटरनेट मिळत नाही. स्प्लिटरमधील कॉइल आणि कपॅसिटर फोनच्या बाजूला फक्त खालचा पट्टा जाऊ देतात. बोलताना मागे ऐकू येणारी बारीक सरसरही त्यामुळे गेली, आणि घरातील वडीलधाऱ्यांना इंटरनेटपेक्षा याचेच अधिक समाधान वाटले.

खरेदी करताना एक गोष्ट नीट पाहावी. एका लाइनच्या दोन लाइन करणारी साधी जोडणीही अशाच आकाराच्या डबीत मिळते आणि तिच्यात फिल्टर अजिबात नसतो. खऱ्या स्प्लिटरच्या खोबणींवर लाइन, फोन आणि मोडेम अशी तीन वेगळी नावे छापलेली असतात. आम्हाला दुकानदाराने हा फरक आपणहून दाखवला, याबद्दल त्याचे कौतुक केले पाहिजे.

जुन्या घरांत बैठकीतून माजघरात आणि तिथून वरच्या मजल्यावर पॅरलल फोन नेलेले असतात. अशा ठिकाणी स्प्लिटर मोडेमपाशी लावून उपयोग होत नाही, कारण आधीच्या फाट्यावरचा प्रत्येक फोन विनाफिल्टर राहतो. बाहेरची तार जिथे घरात येते त्या पहिल्या रोझेटपाशीच (भिंतीवरच्या फोनच्या जोडणी-डबीपाशी) तो लावावा, मोडेमसाठी तिथून स्वतंत्र तार न्यावी आणि घरातील सगळे फोन त्याच्या फोनच्या खोबणीवर घ्यावेत. कॉलर आयडीचा डबा आणि फॅक्सही फोनच्याच बाजूला हवेत. हे वायरिंग शक्य नसेल तर प्रत्येक फोनला वेगळा मायक्रोफिल्टर (एका फोनपुरता छोटा फिल्टर) लावता येतो, पण एखादा फोन सुटला तरी त्रास कायम राहतो, म्हणून मला पहिली पद्धत अधिक खात्रीची वाटते.

लाइनमध्येच दोष असेल तर मात्र स्प्लिटरचा इलाज चालत नाही. तो लावूनही फोनची घंटा वाजताक्षणी इंटरनेट जात असेल, तर तारेच्या सांध्यावर संशय घ्यावा, कारण घंटेसाठी लाइनवर सुमारे ७५ व्होल्टचा दाब येतो आणि ओलसर किंवा गंजलेला सांधा तो पेलत नाही. उलट, रिसीव्हर उचलल्यावरच इंटरनेट सुधारत असेल तर तेही गंजलेल्या सांध्याचेच लक्षण आहे, कारण बोलताना वाहणारा प्रवाह तो सांधा तात्पुरता जोडून देतो. साताऱ्याच्या पावसात हे प्रकार नेहमीचे आहेत. सर्व उपकरणे काढून पहिल्या रोझेटवर एकच साधा फोन लावावा, एक आकडा दाबून डायल टोन घालवावा आणि शांत लाइनवर खरखर येते का ते ऐकावे. खरखर आली तर लाइनमनला ड्रॉप वायर (बाहेरून घरापर्यंत येणारी तार) आणि डीपी बॉक्समधील (परिसरातील लाइन जिथून फुटतात त्या पेटीतील) जोड तपासायला सांगावे. ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या मोडेमच्या पानावर एसएनआर मार्जिन (संदेश गोंगाटापेक्षा गरजेहून किती वरचढ आहे तो आकडा) ६ डेसिबलच्या खाली दिसत असेल, तर तो आकडाही तक्रारीत लिहावा.

या स्प्लिटरच्या दोन उणिवा आहेत. सोबत आलेली तार फारच आखूड आहे आणि डबी भिंतीवर बसवण्याची सोय नाही. तार वेगळी विकत घ्यावी लागते, आणि ती घेताना दोन्ही टोकांचे प्लग खोबणीत टक् असा आवाज होऊन बसतात का हे दुकानातच पाहून घ्यावे.